आल्तिनोवरची चित्रं गावात कधी येणार?

कुळागर

मंडळी, पणजीत आल्तिनो टेकडीवर गोवा कला महाविद्यालय आहे. १९७२ पासून चालू आहे, गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. तिथल्या मुलांच्या कामाबद्दल इथे सविस्तर बोलावं असं बरेच दिवस मनात होतं. आपल्यापैकी अनेकांनी ती इमारत बाहेरूनच पाहिली असेल. वर्तमानपत्रात या मुलांची बातमी येते ती कुणाला तरी पारितोषिक मिळालं की. चार ओळी, आणि प्रमाणपत्र हातात घेतलेला फोटो. त्या मुलाने केलं काय, हे त्या चार ओळींत सापडत नाही.

माझ्या नणंदेची मुलगी तिथे अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिने माटोळी घेतली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) फळं, फुलं, वेली बांधतात, ती माटोळी. नारळाची पेण, सुपारीचे घोस, तोरिंगां, आंबाडे, कवंडळ, कांगलां. कला आणि संस्कृती खात्यातर्फे माटोळीची स्पर्धासुद्धा होते, आणि त्यात लोक शेकडो वस्तूंची आरास करतात.

पोरीने काय केलं, तर एकेका फळाला एकेक पान दिलं. अख्खं फळ, अर्धं कापलेलं फळ, पानाची पाठची बाजू, देठ. खाली लिहिलंय की हे डोंगरात मिळतं की सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) की पाटाच्या कडेला, कधी तयार होतं, झाडाला न दुखवता कसं काढायचं, कशाने बांधायचं. केवणीच्या झुडपाच्या सालीचा दोर वळतानाचे हात तिने पेन्सिलने काढलेत, ते पान मी कितीतरी वेळ पाहत होते. जलरंग इतके पातळ लावलेत की कवंडळाचा लाल आतून उजळल्यासारखा दिसतो. शीर्षकाची अक्षरं तिने स्वतः काढली, गाठ मारल्यासारखी.

घरी सगळ्यांनी विचारलं, "नंबर आला का?" प्रश्न मायेने विचारलेला होता, त्याचा मला राग नाही. पण ज्या म्हाताऱ्या बायकांनी तिला सत्तरीत, सांग्यात अंगणात बसवून हे सगळं सांगितलं, त्यांच्यापैकी कुणीही ते पूर्ण झालेलं पुस्तक पाहिलेलं नाही. प्रदर्शन पणजीत लागतं, थोडे दिवस राहतं, उतरतं, आणि पानं पोर्टफोलिओच्या पिशवीत जातात. मला वाटतं, जे काम गावातून आलं ते गावात एकदा तरी लागलं पाहिजे. मुलांचं यश तिथे जाऊन पुरं होतं. तुम्हाला काय वाटतं?

तळ्याकाठचो फोंडेकार

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. माझ्या माहितीतलं एक काम सांगतो. एका विद्यार्थ्याने कावी शिकायला घेतली होती. आमच्या फोंडा महालात आणि पेडण्याकडे काही जुन्या देवळांच्या भिंतींवर ती अजून आहे, तांबडी आणि पांढरी, दोनच रंग. लोक तिला रंगकाम समजतात, पण ती रंगवलेली नसतेच. शिंपल्यांचा चुना, धुतलेली वाळू आणि गूळ एकत्र कुटून, मुरवून पांढरा गिलावा करायचा. त्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा पातळ थर द्यायचा. तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचं. जिथे तांबडं निघतं तिथे खालचं पांढरं दिसतं, आणि त्यातून वेलबुट्टी, मोर, देव-देवता तयार होतात. मग गुळगुळीत गोट्याने घासून चकाकी आणायची. थर सुकला की हात चालत नाही. चुकलं तर तो तुकडा खरवडून काढून पुन्हा गिलावा.

हा मुलगा भिंतींवर पारदर्शक कागद धरून रेघन् रेघ उतरवत होता. एका भिंतीवर तर नंतर जीर्णोद्धारात ऑइलपेंट मारला गेला. आता त्या नक्षीची खूण म्हणून त्याचे कागदच उरलेत. त्या कागदांना गुण किती मिळाले ते मला ठाऊक नाही, पण त्यांची किंमत आमच्या गावाला आहे. अडपईचे सागर नाईक मुळे यांनी कावी पुन्हा लोकांसमोर आणली, 'मन की बात'मध्येही त्यांच्या कामाचा उल्लेख झाला, त्यानंतर आमच्याकडची मुलं या भिंतींकडे थांबून बघायला लागली. एकाने नेटाने काम धरलं की असा फरक पडतो.

ब्रश_आणि_बस

मी तिथली माजी विद्यार्थिनी. रोज डिचोलीहून बसने यायचे, म्हणून हे नाव. पेंटिंग केलं.

बाहेरच्यांना फक्त भिंतीवर लागलेलं शेवटचं चित्र दिसतं, म्हणून आत काय चालतं ते थोडं सांगते. पहिल्या वर्षी हात बसवायचा असतो: वस्तुचित्र, निसर्ग, रेखाटन, अक्षरं, मातीकाम. तक्रार करणारा त्याच वर्षी तक्रार करतो, कारण मनासारखं काही करायला मिळत नाही. पण पणजी बाजारात भाजीवाल्या बायकांची रेखाटनं करत बसण्याचा जो सराव त्या वर्षी लागला, तो आजही मला जगवतो. माणूस हलत असतो, तुम्हाला दोन-तीन रेषांत त्याचं बसणं पकडायचं असतं. पुढे जूरी. काम भिंतीवर लावून समोर उभं राहायचं आणि हा रंग का, हा आकार का, याला उत्तर द्यायचं. "मला आवडलं म्हणून" हे उत्तर तिथे टिकत नाही.

माझ्या वर्गातल्या एकाने खाणपट्ट्यातली तांबडी धूळ गाळून, गोंदात घोटून रंग केला होता. त्याचे वडील ट्रकवर होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक दाराशी उभा राहिला. त्याने त्याच मातीने त्या उभ्या ट्रकाची चित्रांची मालिका केली, वर्षभरात चाकांभोवती गवत कसं वाढत गेलं ती. पर्यटकांचा गोवा त्यात कुठेच नव्हता. ही मालिका त्याच्या गावात कुणी पाहिली नाही, त्याच्या वडिलांनीसुद्धा प्रदर्शन संपल्यावर घरी गुंडाळी सोडली तेव्हा पाहिली. म्हणून कुळागरताईंचं म्हणणं मला अगदी पटतं.

सामानाबद्दलही एक सांगते. कॅनव्हास, चांगला कागद, रंग यांना पैसे लागतात. आमच्यातली बरीच मुलं शिगम्याच्या, म्हणजे आमच्या होळीच्या, चित्ररथांवर आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यांवर रात्र-रात्र काम करून ते पैसे उभे करायची. फोंड्याला, म्हापशाला, मडगावला जो चित्ररथ बघून आपण टाळ्या वाजवतो, त्यातल्या हलणाऱ्या गरुडाचे पंख अशाच कुणीतरी बांधलेले असतात. पंख हलवण्यासाठी सायकलची चेन, दुचाकीचे भाग वापरून जे डोकं लढवलं जातं ते मला प्रकल्पाइतकंच मोठं वाटतं. तिथे लोकांना कलाकाराचं नाव सांगितलं जात नाही. सांगायला हवं.

पालक_मडगाव

सगळं वाचलं. माझा मुलगा बारावीला आहे आणि त्याला तिकडेच जायचं आहे. मी स्पष्ट विचारतो, रागावू नका. चार वर्षांनी त्याने पोट कशावर भरायचं? मी बँकेत कारकुनी केली, घर त्यावर चाललं. त्याच्या आईला झोप लागत नाही.

ब्रश_आणि_बस

काका, यात रागावण्यासारखं काहीच नाही. माझ्या घरीही हाच प्रश्न होता. मी सध्या एका शाळेत कलाशिक्षिका आहे आणि सुट्टीत पुस्तकांसाठी चित्रं काढते. माझ्या बरोबरची मुलं जाहिरात संस्थांत आहेत, ॲनिमेशनमध्ये आहेत, मोबाइल ॲपच्या स्क्रीनचं डिझाइन करतात, हॉटेलांची अंतर्गत सजावट करतात. २००४ मध्ये इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) गोव्यात आल्यापासून चित्रपटांच्या कलाविभागात काम मिळवणारी आहेत. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत सेरेन्डिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल होतो. तिथे मांडणीला मदतनीस म्हणून गेलेल्यांना देशभरातल्या क्युरेटरांबरोबर काम करायला मिळालं, ओळखी झाल्या. पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची जातात, हे लपवणार नाही. पण ज्याच्या हाताला सवय आणि स्वभावाला शिस्त आहे, तो रिकामा बसलेला मी पाहिलेला नाही.

एक करा. त्याला घेऊन वार्षिक प्रदर्शन बघा, आणि त्या दिवशी मार्क, नोकरी काही विचारू नका. तो कुठल्या कामापुढे जास्त वेळ थांबतो तेवढं बघा.

पालक_मडगाव

बघतो. आभारी आहे, बाय.

कोरा_कॅनव्हास

थोडा वेगळा सूर लावतो. धाग्यावर सगळी उदाहरणं माटोळी, कावी, शिगमो अशीच आली आहेत. लोककलेवर काम केलं तरच मुलाचं काम गावाच्या उपयोगाचं, असा अर्थ निघू लागलाय, आणि तो मला घातक वाटतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे मूळ गोव्यातले. त्यांच्या कॅनव्हासवर गोव्याची एकही ओळखीची वस्तू नाही, नुसता रंग आणि प्रकाश. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा १९४५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून काढले गेले आणि १९४७ मध्ये त्यांनी सोबत्यांबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. गावाला आवडेल असं काढायचं ठरवलं असतं तर त्यातलं काही झालं नसतं. विसाव्या वर्षी मुलाला चुकायचं, भांडायचं, कुणालाच न कळणारं काही करायचं स्वातंत्र्य पाहिजे. त्याच्या डोक्यावर परंपरेचं ओझं देऊ नका.

कुळागर

तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो इथे मांडलात ते बरं झालं. मुलांनी काय काढावं हे मी सांगत नाही. मी विचारते आहे ते कुठे दाखवावं याबद्दल. गायतोंड्यांसारखं अमूर्त चित्र काढणारी मुलगीही सांग्याची असू शकते. तिचं चित्र सांग्यात लागलं तर लोक म्हणतील, "हे काय?" म्हणू देत. ती तिथे उभी राहून सांगेल. जूरीपुढे सांगते तसं आपल्या शेजाऱ्यापुढे सांगायची सवयही कलाकाराला हवीच की.

लक्ष्मण पै मडगावचे. पॅरिसमध्ये वर्षानुवर्षं राहिलेले, रागांवर चित्रं काढणारे. १९७७ ते १९८७ ते याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि २०१८ मध्ये पद्मभूषण जाहीर झाला. जग पाहून आलेला माणूस आपल्या मुलांना शिकवायला इथे येऊन बसला. त्यामुळे बाहेरचं आणि इथलं यांची सांगड घालणं आपल्याला काही नवं नाही.

मोजपट्टी

मी वास्तुकलेचा, शेजारच्याच गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चरमधला. आमच्याकडचाही अनुभव जोडतो. आमच्या विद्यार्थ्यांची 'नासा' नावाची राष्ट्रीय संघटना आहे. तिच्या स्पर्धांमध्ये जुन्या वस्तीच्या दस्तऐवजासाठी लुई कान चषक असतो. त्यासाठी देशभरातली मुलं घरं, वाडे, देवळं, पायवाटा इंचाइंचाने मोजून कागदावर आणतात. गोव्याच्या जुन्या घरात जाऊन असं मापन करणं म्हणजे काय हे ज्याने केलं त्यालाच कळेल. चिऱ्याच्या भिंती सरळ नसतात. शिंपल्यांच्या खिडक्यांतला प्रत्येक तुकडा वेगळा. छपराच्या वाशांवर चढून टेप धरायची आणि खाली मित्राने आकडे लिहायचे.

पण खरं सांगायचं तर या कामातलं सगळ्यात मोठं धन आकड्यांत नसतं. घरातली आजी सांगते की पावसात पाणी इकडून यायचं म्हणून ही पायरी नंतर उंच केली, बाळंतिणीची खोली ही, भात इथे साठवायचे. हे सगळं आराखड्यावर बारीक अक्षरात लिहिलं जातं. काही वर्षांनी ते घर वाटण्या होऊन पाडलं जातं. तेव्हा त्या घरातल्या लोकांकडे त्याचा एकही नकाशा नसतो, आणि आमच्या वर्गातल्या कुणाच्या तरी हार्डडिस्कवर असतो. मी मापन केलेल्या एका घरच्या लोकांना छापील प्रत नेऊन दिली. त्यांनी ती फ्रेम करून बसायच्या खोलीत लावली. पुढे छत दुरुस्त करायला गवंडी आला तेव्हा त्याने तीच काढून वापरली.

माझं म्हणणं: प्रत परत देणं हा प्रकल्पाचाच भाग ठरावा. शिक्षकांनी पहिल्या दिवशीच तसं सांगावं.

सड्यावरची

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून माटोळीच्या पुस्तकाबद्दल थोडं लिहिते. "झाडाला न दुखवता कसं काढायचं" हे त्या मुलीने लिहिलंय, हे वाचून खूप बरं वाटलं. चवथीच्या आधी बाजारासाठी काही वेली मुळासकट ओढल्या जातात. सड्यावरच्या काही वनस्पती पावसाच्या थोड्या आठवड्यांपुरत्याच उगवतात, बी पडायच्या आत तोडल्या तर पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही. आम्ही हेच व्याख्यानात सांगतो तेव्हा लोक मान डोलावतात आणि विसरतात. चित्रात दाखवलं तर लक्षात राहील. तिला माझी एक विनंती सांगाल का, कुळागरताई? ज्या वस्तू दुर्मिळ होत चालल्यात त्यांच्या पानावर एखादी छोटी खूण करावी. आणि कुठल्या सड्यावर सापडते ती नेमकी जागा छापू नये, तालुका पुरे. नेमकी जागा छापली की लोक तिथेच पोचतात. नावं तपासून द्यायला मी तयार आहे.

कुळागर

नक्की सांगते. ती आत्ता बाजूलाच बसली आहे आणि म्हणते की खुणेसाठी कांगलाच्या फुटलेल्या बोंडाचा आकार वापरेन.

तळ्याकाठचो फोंडेकार

आता मुद्द्यावर येऊया. लावायचं कुठे? पणजीत आणि आसपास जागा आहेत. कला अकादमीचं दालन आहे, आल्तिनोवर सुनापरांत हे कलाकेंद्र आहे, पिळर्ण्याला म्युझियम ऑफ गोवा आहे. पण ताईंना गावात पाहिजे. पंचायतीचं सभागृह, देवळाचा मंडप, शाळा. जत्रेच्या दिवशी लावलं तर सगळा गाव आपसूक येतो.

ब्रश_आणि_बस

जत्रेला गर्दी असते पण लोक फेरीत असतात, फेस्त-बाजारासारखं. चित्र बघायला थांबत नाहीत. मला वाटतं माटोळीचं काम माटोळीच्याच बाजारात लावावं. चवथीच्या आदल्या दिवसांत म्हापशाला, डिचोलीला, फोंड्याला रस्त्याच्या कडेला बायका हेच सगळं विकायला बसतात. तिने ज्यांना विचारून लिहिलं, त्यांतल्या कितीतरी तिथेच असणार. विकत घेणाऱ्या शहरातल्या मुलांना नावं माहीत नसतात, ती आईला विचारतात, आईला पण माहीत नसतं. तिथे टोपलीच्या मागे चित्र लागलं तर बाईला विकायला मदत, मुलाला ओळख. आणि तिचं नाव खाली स्पष्ट लिहा, मोठ्या अक्षरात. सांगणाऱ्या बायकांचीही, त्यांना विचारून.

कोरा_कॅनव्हास

ही कल्पना मला मनापासून आवडली. मीही येईन. खाण-मातीच्या ट्रकांची मालिका असलेला मित्र तयार असेल तर त्याची चित्रं त्याच्या गावच्या शाळेत लावायला मी पॅनेल करून देतो. सुतारकाम येतं मला. त्याला विचारा, ताई.

ब्रश_आणि_बस

विचारलं. आधी नको म्हणाला. वडिलांशी बोलून तासाभराने फोन केला, हो म्हणाला. ट्रक अजून विकलेला नाही, पाहिजे तर शाळेच्या बाहेर उभा करूया म्हणतो.

पालक_मडगाव

मुलगा हा धागा वाचतोय. चित्रं वाहून न्यायला, पाटी रंगवायला माणूस लागला तर त्याला बोलवा. गाडी माझी.

मोजपट्टी

बाजारात लावताना पावसाचा विचार करा. मूळ पानं अजिबात नेऊ नका. चांगल्या प्रतीचं स्कॅनिंग करून मॅट लॅमिनेशन घ्या, चकचकीत नको, उजेडात काही दिसत नाही. प्रत्येक पानाला मागून पुठ्ठा, वरून दोन भोकं, म्हणजे टोपलीच्या काठीला बांधता येईल. आकार ए-थ्री पुरे, त्याहून मोठं केलं तर बायकांची बसायची जागा अडेल. आणि बसायची परवानगी नगरपालिकेकडून आधीच लेखी घ्या, त्या बायकांना त्रास होता कामा नये.

कुळागर

लिहून घेतलं सगळं. डिचोलीच्या बाजारापासून सुरुवात करतो. पानं निवडायला ती या रविवारी बसणार आहे, सड्यावरची मॅडम, तुम्ही नावं तपासायला याल का? फोंड्याच्या बाजारात कुणाशी बोलायचं ते फोंडेकारांनी कळवा. कावीच्या मुलालाही विचारा, त्याचे कागद त्याच गावातल्या शाळेत लावता येतील का ते. केवणीचा दोर आम्ही आणतो, पानं त्यानेच बांधू.